दाराचं टेबल

३ फेब्रुवारी

मावशी,

बसली आहेस ना? नसशील तर बस. मला ते काम मिळालं! गृहनिर्माण मंडळाचं! फोनवर सांगितलं असतं तर तू "काय? काय?" करत राहिली असतीस आणि माझ्या आनंदाचा पार चुरा झाला असता, म्हणून पत्र.

काम असं आहे. तुमच्या शहरातल्या जुन्या गल्ल्या पाडून मंडळ नव्या इमारती बांधतंय. मोठी घरं कुटुंबांना, एका खोलीची घरं एकट्या माणसांना. इथपर्यंत सोपं. पण कुटुंब म्हणजे कोण, यावर मंडळाच्या बैठकीत दोन साहेब एकमेकांच्या अंगावर धावून गेले म्हणे. एक म्हणाला, रक्त, लग्न आणि दत्तक, विषय संपला. दुसऱ्याला त्याच्या आईच्या मैत्रिणीनं लहानाचं मोठं केलेलं. तो म्हणाला, "मग ती माझी कोण होती, ते सांगा." शेवटी आमच्या समाजशास्त्र विभागाला साकडं घातलं आणि सरांनी मला पुढे केलं. मावशी, लोक मला आजवर विचारत आले की समाजशास्त्र शिकून काय करणार. आता सांगते, कोणाला कोणाबरोबर राहता येईल ते ठरवणार!

मी कच्ची व्याख्या लिहूनही दिली. ऐक. "एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर जेवणारी आणि एकमेकांच्या अडीअडचणीला बांधलेली माणसं म्हणजे कुटुंब, त्यांच्यात नातं असो वा नसो." शेवटचा तुकडा मी घुसवला. सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "धाडस आहे हं." मला रात्रभर झोप नाही.

आता तुझी बातमी. पाडायच्या गल्ल्यांत तुझी गल्ली आहे. घाबरू नकोस. एकट्या माणसांचा मनोरा हमरस्त्यापलीकडे आहे, खिडकीतून नुसती गोदामं दिसतात. तिथे तुला जाऊ कोण देतंय! आईबाबांशी बोलणं झालंय. मागची खोली बाबांनी रंगवायला काढली आहे. पिवळी. इतकी वर्षं एकटी राहिलीस, पुरे झालं. आपल्या माणसांत ये. तुझ्या त्या शेजाऱ्यांना थोडं वाईट वाटेल, पण शेजारी काय, सगळीकडे मिळतात.

तुझी खारूताई


११ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र दुकानात आलं. समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचत होतं. मी इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणाले की त्याला वाटलं त्यानं बरोबर वाचलं. बिचाऱ्याला एक अक्षर दिसत नव्हतं. कप्तानाला सांगितलं तर त्यानं फेरीबोटीचा भोंगा तोंडानं वाजवला. सिस्टर म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना, ही पोरगी नाव काढणार." भिंगरीला काही कळलं नाही, पण तिनं खुर्चीवर उभं राहून नाचायची संधी साधली.

आता तू बस.

हे जे तिघं आनंदानं ओरडले, ते म्हणजे माझे "ते शेजारी". मी पत्रांतून त्यांना शेजारी म्हणत आले, कारण दुसरा शब्द मला सापडला नाही आणि ताईला, म्हणजे तुझ्या आईला, समजावत बसायचा कंटाळा. पण मी एकटी राहत नाही गं. बऱ्याच वर्षांत राहिलेली नाही.

कप्तान माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. नदीवर फेरीबोट चालवायचा, आता निवृत्त. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांत थेंब घालायला कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानातली बाई भिंतीपलीकडे असताना माणसानं थेंबांवाचून राहावं, हे मला पटेना. दिवसातून कितीदा जिना उतरायचा, पुन्हा चढायचा! आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बंद दार होतं, जुन्या मालकाच्या काळातलं. सिस्टरनं एक दिवस सरळ सुताराला आणलं आणि ते दार काढून टाकलं. डोळे बरे झाले. दार परत कोणी बसवलं नाही. सुतारानं त्याला चार पाय लावले आणि आता आम्ही त्यावर जेवतो. कडीच्या जागी भोक आहे, भिंगरी त्यातून नको असलेले मटार खाली ढकलते.

सिस्टर इस्पितळात नर्स आहे. माझी आतली खोली तिनं भाड्यानं घेतली तेव्हा भिंगरी तिच्या पोटात होती. भिंगरीचा बाप हा विषय आमच्याकडे निघत नाही. टाळतो म्हणून नाही, कोणाला त्याची आठवणच येत नाही. भिंगरीला चालायला कप्तानानं शिकवलं, त्यामुळे ती अजून बोटीवर चालल्यासारखी पाय फाकवून चालते.

"लग्न करून टाका, सगळं सोपं होईल," असं मला आणि कप्तानाला लोक सांगतात. एक तर त्याचं घोरणं भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. दुसरं म्हणजे आम्ही दोघं नवराबायको झालो की सिस्टर आणि भिंगरी उघडउघड भाडेकरू. मग त्यांनी कोणाशी लग्न करायचं?

म्हणून विचारते. मला तुझ्या मनोऱ्यात, कप्तानाला दुसऱ्या मजल्यावर, सिस्टरला आणखी कुठे, असं वाटून टाकणार आहात का तुम्ही? की तुझ्या त्या व्याख्येत आम्ही चौघं बसतो?

पिवळा रंग मला आवडतो. बाबांना सांग, दुसरा हात पातळ द्या.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. आईनं ताट तसंच ठेवलं. म्हणाली, "माझी सख्खी बहीण, आणि तिच्या घरात एक मुलगी वाढतेय हे मला आता कळतंय?" बाबा ब्रश घेऊन मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ रंगवल्याचा आवाज आला नाही.

खरं सांगू? मलाही लागलं. सिस्टर तुला काय म्हणते? मावशी म्हणत असणार. मावशी माझी आहे.

एवढं बोलून झालं. आता ऐक, कारण मी आनंदानं वेडी व्हायची राहिले आहे. तुम्ही चौघं म्हणजे माझ्या व्याख्येचा जिवंत पुरावा आहात! "नातं असो वा नसो" हा तुकडा मी लिहिला तेव्हा असं घर डोळ्यांसमोर नव्हतं, नुसतं असावं असं वाटत होतं. आणि ते माझ्याच मावशीचं निघालं!

मी सरांना लगेच सांगितलं की ही माझी मावशी. लपवून चाललं नसतं. ते म्हणाले, मग या घराचं तू काही बघायचं नाहीस. आमच्या निरीक्षकबाई येतील. त्या प्रत्येक वेगळ्या घरात एक संध्याकाळ बसतात, जेवतात, बघतात. मार्चच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे. त्या लिहितील तसं होणार. चौघं एक कुटुंब ठरलात तर नव्या इमारतीत एकच मोठं घर. नाही ठरलात तर तू आणि कप्तान मनोऱ्यात वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि मायलेकी नदीपलीकडच्या वसाहतीत.

मी काही शिकवायचं नाही असं मी कबूल केलंय. म्हणून फक्त एवढंच. त्यांना दिसलं पाहिजे की तुम्हाला एकमेकांची काळजी आहे, आदर आहे. बस. यापुढे एक अक्षर नाही.

आणि शेगडी एकच आहे ना? "एका चुलीवर" असं मी लिहून बसले आहे.

खारूताई


५ मार्च

खारूताई,

झालं! आणि असं झालं की विचारू नकोस! तू इथे असतीस तर डोळे भरून आले असते तुझे.

तुझं पत्र मी टेबलावर वाचून दाखवलं. "काळजी आणि आदर," कप्तान म्हणाला, "म्हणजे तालीम करावी लागणार." त्यानं बोटीवरचा काळा कोट बाहेर काढला. कोण कुठे बसणार, कोण काय वाढणार, सगळं ठरवलं. एकमेकांशी बोलताना आवाज खाली ठेवायचा. कोणी कोणाच्या ताटातलं उचलायचं नाही. भिंगरीला दर वेळी "कृपया" म्हणायचं.

शेगड्या आपल्याकडे दोन आहेत, हे मी तुला सांगितलं नव्हतं. दार काढलं तरी कप्तानाची शेगडी त्याच्या बाजूला राहिलीच. त्याला अंडी स्वतःच्याच तव्यात लागतात, माझ्या हाताखाली ती तेलात "बुडतात" म्हणे. मग त्या शेगडीवर टेबलक्लॉथ घातला आणि वर फुलदाणी.

घंटा वाजली आणि आम्ही चौघंही दाराशी गेलो. चौघं! एका रांगेत. बाई जरा दचकल्याच. मग जेवण. काय सांगू, आमच्या घरात असं जेवण कधी झालं नव्हतं.

"काका, आपण आधी घ्या."

"छे छे, आधी तुम्ही."

"मावशी, तुम्हाला मीठ देऊ का?"

"त्रास नसेल तर."

सिस्टर रात्रपाळी करून आलेली, तरी पाठ ताठ ठेवून बसली होती. मटार एकही भोकातून गेला नाही. बाईंनी फुलदाणीचं कौतुक केलं तर भिंगरी म्हणाली, "कृपया हात लावू नका, खाली कप्तानाची शेगडी आहे." पण कप्तानानं लगेच हसून विषय बदलला, बाईंच्या लक्षातही आलं नसेल. जाताना म्हणाल्या, "तुम्ही सगळे फारच चांगले आहात."

दार लागल्यावर आम्ही चौघं खुर्च्यांत कोसळलो. सिस्टर बसल्या जागी झोपली. कप्तानानं कोट काढून फेकला आणि माझ्या ताटातला बटाटा उचलला. पास झालो समज!

मावशी


१० मार्च

मावशी,

पास? अगं, पार बुडालो!

हे पत्र मी सरांच्या परवानगीनं लिहिते आहे. निर्णय घरच्यांना कळवावाच लागतो, तो मी कळवते आहे, असं समज. बाईंनी लिहिलंय, "चार अत्यंत सुशील, परस्परांचा मान राखणारे भाडेकरू. एकमेकांना मीठ देताना परवानगी विचारतात. दोन शेगड्या. कुटुंब असल्याची खूण आढळली नाही."

मला आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही. मी बाईंना गाठलं. म्हटलं, एवढा आदर दिसला, काळजी दिसली, मग आणखी काय हवं होतं? त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी इतकी घरं बघितली. खऱ्या घरात माझ्यासमोर कोणीतरी कोणावर तरी खेकसतंच. तुमच्या मावशीकडे चार पाहुणे जेवत होते, फक्त यजमान कुठे दिसला नाही." मावशी, काय केलंत हे! मी आदर म्हटलं, तुम्ही हॉटेल उघडलंत!

आणि त्या संध्याकाळी मी घरी जेवायला बसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. बाबा ताट घेऊन टीव्हीसमोर. आई स्वयंपाकघरात उभ्यानं. दादा त्याच्या खोलीत, दार लावून. मी पुस्तकात डोकं घालून. रक्ताचे चौघं, चार खोल्यांत. बाईंना आमच्याकडे पाठवलं तर काय लिहितील? पण आम्हाला विचारायला कोणी येणार नाही. आम्हाला पुरावा द्यावा लागत नाही. हे मला इतक्या वर्षांच्या अभ्यासात कळलं नव्हतं, ते त्या भाजीच्या घासाबरोबर कळलं. मी आईला हाक मारली, "इथे येऊन बस ना." तर म्हणाली, "का? बरं नाही वाटत का तुला?"

आशा संपलेली नाही. नियमात एक पुनर्भेट आहे, न कळवता. ती मी मागितली आहे. बाई कधी येतील मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. चुलीच्या कलमावरून माझी आणि सरांची रोज जुंपते आहे. तुम्ही काहीही करू नका. कृपा करून काहीही करू नका!

खारूताई


१६ मार्च

खारूताई,

थोडक्यात लिहिते, रागात आहे.

कप्तान परस्पर मंडळाच्या कचेरीत गेला आणि मनोऱ्यातली एक खोली स्वतःसाठी मागून आला. कोणाला विचारलं नाही. भिंगरीचा फुगा आणायला जातो म्हणून गेला आणि फुगा घेऊनच परत आला, वर हे. म्हणे, "मी बाजूला झालो की दुसरी शेगडी जाते. तुम्ही तिघी उरता. सिस्टर तुमची भाची, भिंगरी नात, असं सांगा, सरळ बसता व्याख्येत."

मी त्याच्याशी बोलत नाही. जे काही आहे ते भिंगरीमार्फत. सिस्टर दोन्हीकडे समजूत घालून थकली आणि आता दोघांवरही चिडली आहे. भांडी पडली आहेत. दुकानात मी एका गिऱ्हाइकाला डावी काच उजवीकडे बसवून दिली.

तुझ्या बाईंना आता पाठवू नकोस. दाखवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

पिवळी खोली अजून रिकामी आहे का?

मावशी


२० मार्च

मावशी,

खोली रिकामी आहे. खिडकीला पडदाही लागला. ती तुझीच आहे, आज, उद्या, केव्हाही. पण आत्ता मागितलीस तर मी देणार नाही. तू रुसून येणार आणि रोज सकाळी अंडी बघून रडणार, हे मला चालायचं नाही.

आई काय म्हणाली माहीत आहे? तुझं पत्र तिनं स्वतः वाचलं. दोनदा. मग म्हणाली, "ती माझ्याशी अशी कधी भांडली नाही." तिचा राग गेलाय असं नाही, पण तो आता वेगळ्या जागी जाऊन बसलाय.

बाईंना थांबवणं माझ्या हातात नाही. मी सांगितलं, आता नको, घरात वाद आहे. त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "असं का?"

आणि एक! चूल गेली! सरांना मी शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही आणि बाईसाहेब पथ्यामुळे वेगळं शिजवता. म्हणजे तुमचा घटस्फोट झाला का?" सरांनी पेन काढलं आणि "चूल" खोडून मला म्हणाले, "मग काय लिहायचं ते लवकर सांग." मी अजून शोधते आहे.

कप्तानाशी बोल.

खारूताई


२७ मार्च

खारूताई,

त्या आल्या! कधी आल्या तेच मला कळलं नाही, इतका गोंधळ होता. सगळं पहिल्यापासून सांगते.

संध्याकाळ. दार नुसतं लोटलेलं. सिस्टर कामावरून येऊन सोफ्यावर आडवी, बूट पायात तसेच. कप्तान त्याच्या शेगडीशी, पाठ माझ्याकडे. मी टेबलाशी मटार सोलत होते. मधे भिंगरी उभी.

"सांग तुझ्या कप्तानाला," मी म्हटलं, "तवा जळतोय."

"कप्तान, तवा जळतोय."

"सांग तुझ्या मावशीला, मला नाक आहे."

"मावशी, कप्तानाला नाक आहे."

"असेल. त्याचा उपयोग करा म्हणावं."

भिंगरीनं पाय आपटला. "मी नाही सांगणार आता कोणाला काही! तुम्ही दोघं एका खोलीत आहात!"

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बघते तर निरीक्षकबाई. दारातून कधी आत आल्या, कोण जाणे. ओळखलं मी त्यांना, पण डोकं इतकं तापलेलं की "या, बसा" म्हणायचंही सुचलं नाही. मी मटारची निम्मी टोपली त्यांच्यापुढे सरकवली. सोलायला लागल्या गं त्या!

"मला विचारलंत का?" मी थेट कप्तानालाच म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही!"

"मग विचारून काय उपयोग?"

"माझ्या ताटातला बटाटा न विचारता घ्या, माझी छत्री न्या, आंघोळीचं गरम पाणी संपवा, मी कधी बोलले? पण स्वतःला उचलून घेऊन जायचं आणि तेही न विचारता? कोणाच्या परवानगीनं?"

"बाई, मी तुमच्यासाठीच—"

"माझ्यासाठी! आणि थेंब कोण घालणार? डावा डोळा परत लाल झालाय, मला दिसत नाही असं वाटतं का? आणि काय म्हणे, सिस्टर भाची आहे म्हणून सांगा! मला एक भाची आहे. खरी. दुसरी खोटी कशाला सांगू?"

सोफ्यावरून आवाज आला, डोळे मिटलेलेच. "मी खोटी?"

"तू झोप गं!"

"कशी झोपू? आणि काका, तुम्ही जाणार असाल तर भिंगरीला स्वतः सांगा. मी नाही सांगणार. तिला वाटतंय तुम्ही फुगा आणायला गेला होतात."

तव्यावर धूर दाटला. तेव्हा बाई म्हणाल्या, एकदम मनापासून, "काका, पण तुमचं चुकलंच हं."

आणि मी, खारूताई, मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका! हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मला कळलं मी काय बोलले आणि कोणाला बोलले. कप्तान मागे वळला. भिंगरीनं ती वेळ साधून एक मटार भोकातून ढकलला, तो जमिनीवर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मी येते." उठल्या, सिस्टरच्या पायातले बूट काढून सोफ्याखाली ठेवले आणि गेल्या. कोणी दारापर्यंत गेलं नाही.

कप्तानानं अंडी टेबलावर आणून ठेवली. काळी ठिक्कर. त्यातलं एक माझ्या ताटात टाकलं आणि खाली बसला. मीठ माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "उद्या कचेरीत जाऊन येतो. अर्ज मागे घ्यायला." मग माझ्याकडे बघून, "जाऊ ना?"

"जा," मी म्हटलं. "आता विचारलंत ते बरं केलंत."

आम्ही गेलो गं कामातून. पाहुणीला हाकललं मी. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला गाढ झोप लागली. जे व्हायचं ते होवो.

मावशी


८ एप्रिल

मावशी! मावशी! मावशी!

एक घर! चौघांना एक घर! तिसरा मजला, दोन बाल्कन्या, आणि स्वयंपाकघर इतकं मोठं की दोन शेगड्या राहतील! आजच शिक्कामोर्तब झालं. मी विभागाच्या जिन्यात उड्या मारल्या आणि सर वरून म्हणाले, "समाजशास्त्रज्ञ, जरा हळू."

बाईंनी काय लिहिलं ते सरांनी मला वाचू दिलं. तसंच देते. "भाडेकरू निघून गेला तर खोली रिकामी होते. इथे एकानं जायचं ठरवलं आणि घरातलं बोलणं बंद पडलं. मला कोणी बसा म्हटलं नाही. कामाला लावलं. मी मत दिलं, तर मला घराबाहेरची म्हणून गप्प केलं. याहून स्पष्ट खूण मला ठाऊक नाही. कुटुंब."

तो शेवटचा शब्द स्वतंत्र ओळीवर आहे. मी त्यावर बोट फिरवलं.

आणि चुलीच्या जागी काय लिहिलं ऐक. "एका टेबलाभोवती जेवणारी." सरांनी विचारलं, टेबलच का? मी म्हटलं, ते मूळचं दार आहे. ते म्हणाले, म्हणजे? मी सगळी गोष्ट सांगितली. आता ते तुमच्याकडे जेवायला येतो म्हणतायत, पण त्यांचं राहू दे.

माझं विचारते. मी येऊ का? पुढच्या आठवड्यात जमेल का तुम्हाला? कोणता दिवस सोयीचा? सगळ्यांसाठी काय आणू? सिस्टरला काय आवडतं? मी तिला कोण म्हणून हाक मारायची? आईनं पिवळ्या पडद्याचं उरलेलं कापड बाजूला काढलंय, भिंगरीचा फ्रॉक होईल म्हणाली. मापं मागितली आहेत. स्वतःहून!

तुझी खारूताई


१२ एप्रिल

खारूताई,

पत्र चौघांनी ओढाओढी करत वाचलं, कोपरा फाटला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: दिवस विचारून येणार असलीस तर येऊ नकोस.

भिंगरीची मापं मागे लिहिली आहेत. ताईला म्हणावं, उंची जरा जास्त धर, कार्टी वाढतेय.

मावशी


२१ एप्रिल, दाराच्या टेबलावरून

मावशी,

तू दुकानातून येशील तेव्हा मी आतल्या खोलीत झोपलेली असेन, म्हणून हे लिहून ठेवते. प्रवासात डोळा लागला नाही. नुसती हसत होते खिडकीबाहेर बघून, समोरच्या आजोबांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

दार लोटलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि हातात पिशव्या घेऊन उभी राहिले. वाटेत ठरवलं होतं काय बोलायचं ते. नमस्कार, मी मावशीची भाची, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, वगैरे.

सिस्टर सोफ्यावर आडवी होती. एक डोळा उघडला, मला बघितलं आणि पाय पोटाशी घेऊन जागा केली. कप्तान शेगडीशी होता. वळलाही नाही. "अंडं एक की दोन?" म्हणाला. भिंगरी टेबलाखाली मटार गोळा करत होती. कोणीही उठलं नाही. तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "दार लाव ना, वारा येतोय."

मी लावलं.

दोन सांगितली. एक तुझ्यासाठी झाकून ठेवलंय, बुडालेलं नाही. उठवू नकोस.

खारू